आमवाताचा जोर कसा मोजतात?

आमवाताच्या रुग्णाच्या फाइलमध्ये बहुधा एक कागद सर्वांत वर लावलेला असतो. तो असतो ‘आरए फॅक्टर’चा अहवाल. मागच्या वेळी ६४ होता, आता ८० झाला, म्हणजे आजार वाढला, असा निष्कर्ष घरातल्या घरात काढला जातो. आकडा उतरला की औषधे थांबवण्याची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात या आकड्याच्या चढउतारावरून आजाराचा जोर ठरत नाही. आरए फॅक्टर आणि त्यानंतर रूढ झालेली अँटी-सीसीपी या चाचण्या निदानाला आधार देतात आणि आजार पुढे किती तीव्र होऊ शकेल याचा अंदाज देतात. निरोगी माणसांपैकी सुमारे पाच टक्क्यांच्या रक्तातही आरए फॅक्टर सापडतो, वयाबरोबर हे प्रमाण वाढते, आणि क्षयरोग किंवा ‘हिपॅटायटिस सी’सारख्या संसर्गातही तो आढळतो. एकदा निदान पक्के झाल्यावर दर तीन महिन्यांनी तीच चाचणी करून घेणे हा बहुतेक वेळा निव्वळ खर्च असतो. आजार आज किती भडकलेला आहे, हे जाणून घेण्याची रीत वेगळी आहे आणि तिच्यात सर्वांत मोठा वाटा डॉक्टरांच्या अंगठ्याचा आहे.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या आजाराला मराठीत आमवात म्हणण्याचा प्रघात आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि वेळीच आवर न घातल्यास शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोपडा यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेली पाहणी आणि त्याआधी दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेली पाहणी या दोहोंचा विचार केला, तर प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण साधारण अर्धा ते पाऊण टक्का येते. म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे किमान एक. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असते.

मोजमापाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक म्हणजे सांध्यांची झालेली हानी आणि दुसरी म्हणजे चालू असलेला दाह, ज्याला वैद्यकीय परिभाषेत रोगसक्रियता म्हटले जाते. वीस वर्षांच्या आजारात बोटे वाकडी झालेल्या रुग्णाच्या हातात आज कदाचित दाहाचा लवलेशही नसेल; वाकडेपणा हा जुन्या आगीची राख आहे. याउलट सहा महिन्यांपूर्वी आजार सुरू झालेल्या तरुणीचे हात क्ष-किरण चित्रात अगदी नितळ दिसतील, आणि तरीही आत हाड कुरतडण्याची प्रक्रिया जोरात असेल. हाडांवरचे पहिले ओरखडे अनेक रुग्णांत आजाराच्या पहिल्या दोन वर्षांतच उमटतात आणि ते सहसा भरून येत नाहीत. औषधाचा उपयोग चालू दाहावर होतो, झालेल्या हानीवर होत नाही. म्हणूनच दाह नेमका किती आहे हे आकड्यात सांगता येणे महत्त्वाचे ठरते.

‘बरे वाटते का?’ असे विचारून काम भागत नाही, याचा पुरावा ग्लासगो येथील एका अभ्यासातून मिळाला. ‘टिकोरा’ नावाचा हा अभ्यास २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजाराला पाच वर्षेही न झालेल्या सुमारे एकशे दहा रुग्णांचे त्यात दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीप्रमाणे तीन महिन्यांनी तपासले जाई आणि डॉक्टर आपल्या अंदाजाने औषध ठरवत. दुसऱ्या गटातील रुग्णांची दर महिन्याला सांधे मोजून रोगसक्रियता काढली जाई, आणि ती ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर उपचार एक पायरी वाढवलाच जाई. औषधे मात्र दोन्हीकडे जुनी, प्रचलितच होती. अठरा महिन्यांनंतर पहिल्या गटातील १६ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६५ टक्के रुग्णांचा आजार शमलेला आढळला. दुसऱ्या गटात क्ष-किरण चित्रांतील हानीही कमी होती आणि एकंदर खर्च वाढला नव्हता. नवे औषध न शोधता केवळ मोजणे आणि मोजलेल्या आकड्याशी प्रामाणिक राहणे यातून एवढा फरक पडला. ‘लक्ष्य ठरवून उपचार’ हे तत्त्व २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशींच्या रूपाने पुढे आले, त्यामागे या व अशा अभ्यासांचा आधार होता.

अठ्ठावीस सांधे

सांधे मोजण्याची कल्पना त्याआधीची. १९६८ मध्ये ग्लासगो येथेच रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांधे दाबून दुखरेपणाला गुण देण्याची पद्धत मांडली. पुढे नेदरलँड्समधील नाइमेगेन येथील संशोधकांनी १९९० मध्ये एक वेगळाच मार्ग धरला. अनुभवी डॉक्टर औषध केव्हा वाढवतात आणि केव्हा आहे तेच चालू ठेवतात, याच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. औषध वाढवावे लागले तेव्हा आजार जोरात होता असे गृहीत धरून, त्या वेळच्या कोणत्या तपासण्या हा फरक सर्वांत चांगला दाखवतात, हे गणिताने शोधले. त्यातून ‘डिसीझ ॲक्टिव्हिटी स्कोअर’ म्हणजेच ‘डास’ हा निर्देशांक तयार झाला. सांध्यांची संख्या कमी करून १९९५ मध्ये त्याची सुटसुटीत आवृत्ती आली. तिचे नाव ‘डास-२८’. आज जगभर तीच सर्वाधिक परिचित आहे.

हे अठ्ठावीस सांधे म्हणजे दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, दोन गुडघे, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी असलेले दहा सांधे आणि बोटांच्या मधल्या पेरांचे (अंगठ्याच्या एका पेरासह) दहा सांधे. नखाजवळचे शेवटचे पेर यात धरत नाहीत, कारण तेथील गाठी बहुधा वयोमानाच्या सांधेझिजेमुळे आलेल्या असतात. प्रत्येक सांध्याबाबत दोन प्रश्न असतात: दाबल्यावर दुखतो का, आणि सुजलेला आहे का? दाब किती द्यायचा याचाही संकेत आहे. तपासणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतका. सूज ओळखणे अधिक कौशल्याचे आहे. दाहाची सूज बोटाखाली मऊ, किंचित लवचीक लागते. झिजेने वाढलेले हाड कठीण लागते. नवशिक्या हाताला हा फरक पटकन कळत नाही, आणि दोन डॉक्टरांची मोजणी तंतोतंत जुळतेच असे नाही. त्यामुळे एका रुग्णाची मोजणी शक्यतो एकाच व्यक्तीने करावी असे सांगितले जाते. सराव झाल्यावर या मोजणीला चार-पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढी मिनिटेही निघत नाहीत, ही आपल्याकडील खरी अडचण आहे.

मोजणीनंतर रुग्णाचे स्वतःचे मत विचारले जाते. शंभर मिलिमीटर लांबीची एक आडवी रेघ त्याच्यासमोर ठेवतात. एका टोकाला ‘अगदी उत्तम’, दुसऱ्या टोकाला ‘अत्यंत वाईट’. गेल्या आठवड्यात आजारामुळे एकंदरीत कसे वाटले, त्या जागी खूण करायची असते. कागदावरची रेघ पाहून गोंधळणाऱ्या वयस्क रुग्णांना रुपयातले किती आणे दुखते, असे विचारले तर उत्तर चटकन मिळते. ‘बारा आणे बरे आहे’ असे म्हणणारी आजी आपल्या भाषेत तेच मोजमाप देत असते.

चौथा घटक रक्ताचा. त्यासाठी ईएसआर किंवा सीआरपी यांपैकी एक तपासणी लागते. ईएसआरमध्ये उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात हे पाहतात. दाह असेल तर त्या लवकर बसतात. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून दाह वाढला की ते झपाट्याने वाढते आणि ओसरला की तितक्याच लवकर उतरते.

आकड्याचे गणित

दुखऱ्या सांध्यांच्या संख्येचे वर्गमूळ गुणिले ०.५६, सुजलेल्या सांध्यांच्या संख्येचे वर्गमूळ गुणिले ०.२८, ईएसआरचा नैसर्गिक लॉगरिदम गुणिले ०.७० आणि रुग्णाने रेघेवर दिलेले मिलिमीटर गुणिले ०.०१४. या चारांची बेरीज म्हणजे डास-२८. ती ५.१ च्या वर असेल तर आजार जोरात, ३.२ ते ५.१ मध्ये मध्यम, ३.२ किंवा त्याखाली सौम्य आणि २.६ च्या खाली असेल तर आजार शमला, असे मानले जाते. शमला म्हणजे कायमचा बरा झाला असे नव्हे. दाह झोपलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, एका रुग्णाचे आठ सांधे दुखरे, पाच सुजलेले, ईएसआर ४४ आणि रेघेवरची खूण ६० वर आहे. बेरीज साधारण ५.७ येते. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या मेथोट्रेक्झेटच्या तीन महिन्यांच्या उपचारानंतर चार दुखरे, दोन सुजलेले, ईएसआर ३० आणि खूण ४० वर आली. नवी बेरीज सुमारे ४.५. रुग्ण समाधानी आहे, स्वयंपाकघरात पुन्हा वावरू लागली आहे, शेजारणींनाही फरक दिसतो. निकषांप्रमाणे सुधारणा १.२ हून अधिक, म्हणजे चांगलीच आहे, पण आकडा अद्याप ३.२ च्या वर असल्याने तिला ‘मध्यम प्रतिसाद’ म्हटले जाते. उपचार इथेच थांबवला, तर उरलेल्या सांध्यांतील दाह शांतपणे आपले काम करत राहील. आकड्याचा उपयोग नेमका अशा वेळी होतो. युरोपातील तज्ज्ञसंस्थेच्या शिफारशींनुसार तीन महिन्यांत स्पष्ट सुधारणा दिसावी आणि सहा महिन्यांत लक्ष्य गाठले जावे. तसे न झाल्यास औषधयोजना बदलावी.

मात्र हे गणित निर्दोष नाही. सूत्रातील ईएसआरचे वजन इतके आहे की एकही सांधा दुखत वा सुजलेला नसला आणि रुग्णाने रेघेवर शून्यावर खूण केली, तरी ईएसआर ४२ असेल तर आकडा २.६ च्या वर जातो आणि आजार ‘शमलेला नाही’ असे ठरते. ईएसआर तर रक्तक्षयातही वाढतो, वयानुसारही वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आमवाताचे रुग्णही बहुतांशी स्त्रियाच. तेव्हा हिमोग्लोबिन न पाहता ईएसआरवर विसंबणे आपल्या देशात विशेष धोक्याचे आहे. उलट बाजूही आहे. ज्याचा ईएसआर मुळातच ५ आहे, त्याचे चार सांधे सुजलेले असले, एक दुखरा असला आणि खूण २० वर असली, तरी आकडा २.५ च्या आसपास राहतो. चार सुजलेले सांधे घेऊन फिरणाऱ्या रुग्णाला आजार शमल्याचे सांगणे कोणत्याही तपासणाऱ्याला पटणारे नाही.

या सूत्रात दुखऱ्या सांध्याला सुजलेल्या सांध्याच्या दुप्पट वजन आहे. हाडांची हानी मात्र सुजेशी अधिक निगडित असते. अंगभर दुखणाऱ्या फायब्रोमायाल्जियासारख्या विकाराची जोड असेल, तर दुखरे सांधे आणि रेघेवरची खूण दोन्ही वर जातात आणि दाह नसतानाही आकडा फुगतो. अशा रुग्णाला महागडी जैविक औषधे देऊन दुखणे जात नाही, दुष्परिणामांचा धोका तेवढा पदरी पडतो. टोसिलिझुमॅबसारखी काही औषधे यकृताला सीआरपी तयार करण्याचा संदेश देणारा मार्गच अडवतात. त्यामुळे सांधे कितपत सुधारले याची वाट न पाहता सीआरपी व ईएसआर खाली येतात आणि डास-२८ प्रमाणापेक्षा जास्त चांगला दिसतो. ईएसआरऐवजी सीआरपी वापरून काढलेला आकडाही सहसा थोडा कमी येतो. म्हणून एका भेटीत एक आणि दुसऱ्या भेटीत दुसरा वापरून तुलना करणे चुकीचे ठरते.

व्हिएन्ना येथील संशोधकांनी या किचकटपणावर साधा उपाय सुचवला: वर्गमूळ, लॉगरिदम काही नको, सरळ बेरीज करावी. त्यांच्या गटाचा ‘एसडीएआय’ २००३ मध्ये आणि ‘सीडीएआय’ २००५ मध्ये पुढे आला. सीडीएआयमध्ये दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाने दहापैकी दिलेले गुण आणि डॉक्टरांनी दहापैकी दिलेले गुण एवढ्याचीच बेरीज असते. रक्ततपासणी लागतच नाही. २.८ पर्यंत शमलेला, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम आणि त्यावर जोरात. वरच्या उदाहरणातील रुग्णाला डॉक्टरांनी आधी ६ आणि नंतर ३ गुण दिले असे धरले, तर तिचा सीडीएआय २५ वरून १३ वर येतो. बोटांवर करता येणारे हे गणित अहवालाची वाट न पाहता त्याच भेटीत निर्णय घेऊ देते. प्रयोगशाळा लांब असलेल्या तालुक्याच्या गावी किंवा प्रत्येक तपासणीचा खर्च खिशातून करणाऱ्या रुग्णासाठी हीच पद्धत अधिक सोयीची म्हणावी लागेल. एसडीएआयमध्ये याच बेरजेत सीआरपी मिळवतात. तिथे एक फसगत होते. आपल्याकडील प्रयोगशाळा बहुधा लिटरमागे मिलिग्रॅम असा आकडा देतात, आणि सूत्राला डेसिलिटरमागे मिलिग्रॅम हवे असतात. दहाने भागायचे राहून गेले तर सौम्य आजारही भयंकर दिसू लागतो.

सर्वांत कडक निकष अमेरिका व युरोपातील तज्ज्ञसंस्थांनी २०११ मध्ये संयुक्तपणे ठरवला. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये सीआरपी आणि रुग्णाचे दहापैकी गुण हे चारही एक किंवा त्याखाली असतील, तरच आजार शमला म्हणायचे. अनुभवाअंती असे दिसले की सांधे पूर्ण शांत असूनही अनेकजण शेवटच्या अटीवर अडकतात. कंबरदुखी, अपुरी झोप, घरची काळजी यांमुळे कुणीही स्वतःला शंभर टक्के ठीक म्हणत नाही. म्हणून २०२२ मध्ये रुग्णाच्या गुणांची मर्यादा दोनपर्यंत वाढवण्यात आली.

दाह आणि दैनंदिन जीवन यांचा संबंध दाखवण्यासाठी वेगळी प्रश्नावली असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स फ्राइज यांनी १९८० मध्ये ती तयार केली. मूळ प्रश्न अमेरिकी घरांना धरून होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आवृत्तीत बारा प्रश्न आहेत आणि त्यांत उकिडवे बसणे किंवा मांडी घालणे, रिक्षात चढणे-उतरणे, नळ उघडणे-बंद करणे, भाजीबाजारात जाऊन खरेदी करणे अशा गोष्टी विचारल्या जातात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आजाराच्या सुरुवातीच्या काळात हे गुण दाहाबरोबर वर-खाली होतात; जुन्या आजारात झालेली हानीही त्यात मिसळते, म्हणून केवळ यावरून औषध वाढवले जात नाही. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात, हा प्रश्न प्रत्येक डॉक्टर विचारतो. १९८७ च्या निकषांत तासभराच्या ताठरपणाला स्थान होते, २०१० च्या नव्या निकषांत ते राहिले नाही आणि वरील कोणत्याही सूत्रात तो नाही. तरीही घरी स्वतःच्या आजारावर नजर ठेवायची असेल, तर घड्याळ पाहून ही वेळ लिहून ठेवण्यासारखे सोपे साधन नाही.

सोनोग्राफीने सांध्याच्या अस्तरातील वाढलेला रक्तप्रवाह दिसतो आणि हाताला न लागणारी सूजही सापडते. त्यामुळे प्रत्येक भेटीत सोनोग्राफी केली तर उपचार अधिक अचूक होतील, अशी अपेक्षा होती. नॉर्वे व स्कॉटलंड येथे झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत तसे सिद्ध झाले नाही. हाताने सांधे मोजून केलेल्या काटेकोर उपचारापेक्षा सोनोग्राफीची जोड दिलेला उपचार रुग्णांसाठी ठळकपणे सरस ठरला नाही. शंका असेल तेथे ती उपयुक्त आहे, नेमाने करण्याची गरज नाही. क्ष-किरण चित्र हे हानीची नोंद ठेवण्यासाठी, साधारणपणे वर्षाच्या अंतराने काढले जाते.

आजार जोरात असेपर्यंत ही मोजणी दर एक ते तीन महिन्यांनी आणि स्थिरावल्यावर तीन ते सहा महिन्यांनी व्हावी, असा दंडक आहे. आकडा बरेच महिने शमलेल्या पातळीवर राहिला, तर प्रथम स्टेरॉइड, त्यानंतर जैविक औषध आणि शेवटी मूळ औषधाची मात्रा हळूहळू कमी करण्याचा विचार होतो. एका चांगल्या अहवालावरून औषध एकदम सोडून दिले की आजार उसळण्याची शक्यता मोठी असते.

तपासणीच्या दिवशीच्या काही गोष्टी आकडा बिघडवू शकतात. वेदनाशामक गोळी तासाभरापूर्वी घेतली असेल तर दुखरे सांधे कमी मोजले जातात. तेव्हा शेवटची गोळी केव्हा घेतली हे डॉक्टरांना सांगावे. ‘खात्रीशीर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्यांनी सूज तात्पुरती दबते आणि खरा आजार दिसत नाही. नुकताच ताप येऊन गेला असेल तर तेही सांगणे आवश्यक, कारण संसर्गाने ईएसआर व सीआरपी दोन्ही वाढतात. महाराष्ट्रात २००६ मध्ये पसरलेल्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर कित्येकांचे सांधे महिनोन्महिने आमवातासारखेच सुजलेले होते. ईएसआर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि हिमोग्लोबिनसह करावा. आणि तपासणीच्या वेळी पादत्राणे व मोजे काढून पाय जरूर दाखवावेत. घोटे आणि पायांची बोटे त्या अठ्ठावीस सांध्यांत मोजली जात नाहीत, त्यामुळे चवडा सुजलेला असूनही फाइलवर ‘आजार शमला’ अशी नोंद होऊ शकते.